होस्टेटलर मास्तरांचा अँटेना

काउंटीने बंबांचे रेडिओ बदलले त्या सकाळी होस्टेटलर मास्तरांच्या फ्रीजवरचा स्कॅनर, म्हणजे बंबवाल्यांचं बोलणं ऐकायचा डबा, मुका झाला. बिघडला म्हणावं तर दिवा लागत होता, आकडे पळत होते, फक्त आवाज नव्हता. आदल्या दिवसापर्यंत हाच डबा दिवसभर बडबडायचा. कुणाच्या शेतात गवत पेटलंय, कुणाची आजी जिन्यावरून पडलीय, कुणाची गाय हमरस्त्यावर उभी राहून ट्रकवाल्यांकडे बघतेय, सगळं त्याला ठाऊक. ओहायोतल्या न्यू लूबेक गावात असा डबा नसलेलं घर शोधून सापडलं नसतं, आणि तो ऐकण्याला तिथं कुणी चोंबडेपणा म्हणत नाही. ॲम्ब्युलन्स कुणाच्या दारात गेली हेच कळलं नाही, तर चिकन-नूडल्सचं पातेलं कुणाच्या दारात न्यायचं हे कळणार कसं? मास्तरांच्या पत्नी नेडीनबाई यांचं पातेलं तर पेशंट इस्पितळातून घरी यायच्या आत पायरीवर हजर असायचं. या बाबतीत चर्चमधल्या इतर बायका त्यांना वचकून असत.

"वीज गेली असेल," नेडीनबाई म्हणाल्या.

"नेडीन, दिवा लागलाय."

"मग आतलं काहीतरी जळलं असेल."

"काही जळलेलं नाही."

"मग मला कशाला विचारतोस? फिजिक्स तू शिकवलंस, मी नाही."

दुखणं नेमकं तिथंच होतं. मास्तरांनी गावच्या हायस्कुलात हयातभर फिजिक्स शिकवलं. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, आणि पन्नाशीची टक्कल पडलेली माणसंसुद्धा त्यांना रस्त्यात बघितलं की शर्टाचं वरचं बटण चाचपायची. अशा माणसाच्या घरातला रेडिओ बोलत नाही ही बातमी बाहेर जाणं बरं दिसलं नसतं. ती दुपारपर्यंत बाहेर गेली.

मुकेपणाचं कारण वर्तमानपत्रातच आलं होतं. पूर्वी बंबवाल्यांची बोलायची वाट ठरलेली होती, पोलिसांची ठरलेली होती, आणि स्कॅनर त्या वाटांवर कान लावून बसायचा. आता सगळ्या खात्यांना मिळून सामाईक वाटा. कुणी बोलायला लागलं की कुठली रिकामी वाट त्याला द्यायची, हे काउंटीच्या मुख्य गावी बसलेला एक संगणक ठरवणार. शिवाय बोलणं आधी आकड्यांत फोडायचं आणि मग आकाशात सोडायचं. जुन्या डब्याला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मास्तरांनी हे सगळं नेडीनबाईंना कागदावर चित्र काढून समजावलं. त्यांनी ते चित्र पाहिलं आणि त्याच कागदावर बटाटे सोलले.

पण मास्तरांचा जीव गाईत आणि आजीबाईंत अडकलेला नव्हता. तो केंड्रात अडकलेला होता. केंड्रा त्यांची एकुलती एक मुलगी. ती दिवसा जनावरांच्या डॉक्टरकडे कामाला होती, आणि गेल्या पानगळीत ती गावच्या बंबखान्यात बिनपगारी भरती झाली. तिथं सगळेच बिनपगारी. भोंगा वाजला की हातातलं काम टाकून पळायचं. तिनं घरी सांगितलं तेव्हा मास्तर म्हणाले, "तू मोठी आहेस. तुझं तू बघ." एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला तो मिटवलाच. नंतर कधी "कसं चाललंय" नाही, की "सांभाळून जा" नाही. मात्र भोंगा वाजला की मास्तर फ्रीजसमोर जाऊन उभे राहायचे. गाडी परतली, सगळे बंबखान्यात पोचले, असं डबा म्हणेपर्यंत तिथंच. नेडीनबाई म्हणायच्या, "जीव लागतो तर तिला तसं सांग ना." मास्तर म्हणायचे, "मी रस्त्यावरच्या गर्दीची बातमी ऐकतोय." न्यू लूबेकमध्ये एकच सिग्नल आहे आणि तोही पिवळाच लुकलुकतो.

तेव्हा नवा स्कॅनर येणं भाग होतं. तो आला. हातात मावेल एवढा, आणि सोबतचं माहितीपुस्तक मात्र उशाला घेता येईल एवढं. मास्तरांनी ते पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून वाचलं, समासात चुका काढल्या, आणि एका रविवारी चर्चला दांडी मारून खात्यांच्या ओळखीचे सगळे आकडे स्वतःच्या बोटांनी त्यात भरले. मग अँटेना सरळ केला, बटण दाबलं, आणि डबा स्वच्छ बोलला. मास्तरांनी नेडीनबाईंकडे असं बघितलं की मला आता कुणी काही शिकवू नये.

डबा म्हणाला, "डेल, त्या खड्ड्यात खडी टाकलीस का?"

डेल म्हणाला, "टाकली. गुडघा दुखतोय."

बंबखान्याच्या जागी मास्तरांनी रस्तेदुरुस्ती खात्याचा आकडा भरला होता. पुढचा सबंध आठवडा त्या घरात डेलचा गुडघा, डेलचं सँडविच आणि डेलच्या मुकादमाचा स्वभाव यांखेरीज काहीही ऐकू आलं नाही. आठवड्याच्या शेवटी नेडीनबाईंनी गंभीरपणे विचारलं, "डेलला नूडल्स पाठवू का? मला आता ओळखीचा वाटायला लागलाय तो."

शेवटी मास्तरांनी मान खाली घालून काउंटीच्या कचेरीत फोन लावला. पलीकडच्या बाईंनी आधी सांगितलं की ऐकणाऱ्यांना मदत करणं त्यांच्या कामात बसत नाही. मग नाव विचारलं, आणि त्यांचा आवाज एकदम शाळेतला झाला.

"होस्टेटलर सर? मी तुमच्या वर्गात होते, सर. शेवटच्या बाकावर. तुमच्या केंड्रासाठी ऐकायचंय का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "अभ्यास म्हणून."

"बरं बरं," बाई म्हणाल्या, आणि बंबखान्याचा आकडा कुठल्या यादीत छापलाय ते त्यांनी हळूच सांगितलं.

आकडा भरला. त्याच दिवशी भोंगा वाजला, केंड्राची गाडी कोपऱ्यावरून धुरळा उडवत गेली, मास्तर डबा कानाला लावून उभे राहिले आणि आतून आवाज आला. आवाज म्हणजे काय, तोंडात पाणी धरून कुणी चूळ भरत बोलत होतं. मध्येच एक अक्षर, मग खळखळ, मग अर्धा शब्द, मग पुन्हा खळखळ. माणूस बोलतोय एवढं कळत होतं. काय बोलतोय, आणि त्यात कुणाला लागलंय का, हे अजिबात कळत नव्हतं. मास्तरांना मुका डबा परवडला असता. त्या दिवशी नुसताच शेकोटीचा धूर निघाला होता, हे त्यांना तासाभराने नेडीनबाईंच्या मैत्रिणीकडून कळलं, आणि तो तासभर त्यांनी स्वयंपाकघरात ज्या येरझारा घातल्या त्या बघून नेडीनबाईंनी लादी पुसायचं पुढे ढकललं.

इथं शेजारच्या मर्ल फोग्टचा प्रवेश होतो. मर्लने सारी नोकरी धान्याच्या कोठीवर काढली. धान्य वर चढवायचं, वरून खाली सोडायचं. त्यामुळे जगातल्या बहुतेक अडचणी गोष्ट उंचावर नेली की सुटतात असं त्याचं प्रामाणिक मत होतं. टीव्ही नीट दिसत नाही, उंच ठेव. पाठ दुखते, गादी उंच कर. त्याने कुंपणावरून आवाज ऐकला आणि काहीही न विचारता निदान केलं.

"उंच कर."

"मर्ल, हा प्रश्न उंचीचा आहे असं आधी सिद्ध व्हायला हवं."

"अरे लॉवेल, खाली काय येणार तुला? छपरावर लाव."

अँटेना छपरावर लावला. मर्लने शिडी धरली, म्हणजे एका हाताने धरली, दुसऱ्यात त्याचा कॉफीचा मग होता. पावसाच्या पाण्याची पन्हळ निखळून जिरॅनियमच्या कुंड्यांवर पडली. मास्तर पन्हळीबरोबर पडले नाहीत, पण त्यांच्या पायजम्याचा मोठा भाग वर खिळ्याला राहिला, आणि त्या अवस्थेत त्यांना खाली उतरताना रस्त्यावरून जाणाऱ्या त्यांच्या तीन माजी विद्यार्थ्यांनी नमस्कार केला. मास्तरांनी तो स्वीकारला. खाली येऊन त्यांनी डबा लावला. खळखळ वाढली होती.

"बघ," मर्ल विजयाने म्हणाला. "फरक पडला."

"वाईट झालंय, मर्ल."

"म्हणजे उंची कमी पडतेय."

पुढच्या आठवड्यात अंगणात खांब उभा राहिला. चांगला छपराच्या वर डोकावणारा, चारी बाजूंनी तारांनी ताणलेला, टोकाला मोठ्ठा अँटेना. मर्लने सिमेंट कालवलं, मास्तरांनी ओळंबा धरला, नेडीनबाईंनी खिडकीतून कपाळाला हात लावला. सिमेंट सुकायच्या आत गावकचेरीतला रॉडनी पेल येऊन उभा राहिला. बांधकामाचे परवाने त्याच्याकडे. हाही मास्तरांचा विद्यार्थी, फिजिक्समध्ये अगदी काठावर सुटलेला.

"सर, हे काय आहे?"

"अँटेना."

"परवानगी, सर?"

"माझ्या अंगणात माझा खांब. परवानगी कसली?"

"छपरापेक्षा उंच काही उभं केलं, तर ते पडल्यावर आपल्याच हद्दीत पडेल हे सिद्ध करावं लागतं, सर. गणित मांडून." रॉडनीने टोपी काढून पुन्हा घातली. "आणि ते गणित अधिकृत माणसाने तपासायला लागतं."

"कोण अधिकृत माणूस?"

"मी," रॉडनी म्हणाला, आणि त्यालाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मास्तरांनी त्याच रात्री जेवण बाजूला सारून गणित मांडलं. वारा कुठला, वजन किती, तुटला तर कुठून तुटेल, सगळं. अक्षर असं की फ्रेम करून लावावं. चार दिवसांनी कागद परत आला. समासात लाल शाईने लिहिलं होतं, 'पायऱ्या दाखवलेल्या नाहीत.' गेली कित्येक वर्षं मास्तर मुलांच्या पेपरांवर हेच लिहीत आले होते, याच शाईने, आणि त्याखाली अशीच एक वाकडी रेघ ओढत आले होते. त्यांनी कागद नेडीनबाईंना दाखवला. नेडीनबाई ॲपल-पायचा साचा शोधायला म्हणून कपाटाआड गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. त्या हसत होत्या.

मास्तर तडक गावकचेरीत गेले. "रॉडनी, माझ्या शेजारच्या अंगणात याहून उंच खांब आहे. त्याचं गणित कुणी तपासलं?"

"मर्लचा ना? तो पाखरांचा आहे, सर."

ते खरं होतं. मर्लच्या खांबावर जांभळ्या पाकोळ्यांसाठी पांढरं, दुमजली लाकडी घर होतं. तिकडे घरोघरी असतं तसं. दर वसंतात पाकोळ्या दुरून येऊन त्यात बिऱ्हाड करतात, आणि ज्याच्या अंगणात त्या येतात तो माणूस चारचौघांत जरा छाती काढून चालतो.

"पाखरांच्या घराला परवाना लागत नाही," रॉडनी म्हणाला. मग त्याने दार लोटून घेतलं. "सर, तुमच्या खांबावर एखादं घर टांगलेलं असेल, तर मला ते पाखरांचं घर दिसणार. त्याच्यावर एखादी तार-बीर असेल तर असेल. माझे डोळे तेवढे चांगले नाहीत आता."

ही सवलत होती की दया, हे मास्तरांना ठरवता आलं नाही. घर टांगलं. ते मर्लनेच करून दिलं, रंगही त्यानेच दिला, आणि "तुझ्याकडे येणार नाहीत, पण नियमापुरतं असू दे" असं मोठ्या मनाने म्हणाला. पंधरवड्यात त्याच्या सगळ्या पाकोळ्या मास्तरांकडे राहायला आल्या. ताणलेल्या तारा त्यांना बसायला पसंत पडल्या असाव्यात. सकाळी त्या ओळीने बसून कलकलाट करत, आणि खाली मास्तरांची गाडी उभी असे, तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

मर्ल कुंपणापाशी आला तो कॉफीशिवाय. "माझ्या पाकोळ्या आहेत त्या, लॉवेल."

"मी बोलावलेल्या नाहीत."

"दर वर्षी अंड्याची टरफलं भाजून, चुरून घालतो मी त्यांना. तू कधी टरफल घातलंस?"

"घेऊन जा. माझी ना नाही."

"पाकोळ्या काय पिशवीत भरून नेऊ?" एवढं बोलून मर्ल गेला आणि मग बोलेनासा झाला. वर्तमानपत्रात मात्र खांबाचा फोटो छापून आला, 'निवृत्त शिक्षकाचं पक्षिप्रेम' या मथळ्याखाली. चर्चमध्ये बायकांनी मास्तरांचे हात हातात घेतले. मास्तरांना पक्षी आवडत नव्हते, कधीच आवडले नव्हते, आणि हे सांगायची सोय आता उरली नव्हती.

आणि अँटेना? त्याने तर कळस केला. छपरावर अर्धा शब्द तरी येत होता. खांबावरून शुद्ध चूळ. मास्तरांनी खांब पाडायचं ठरवलं, हातोडी घेऊन अंगणात उतरले, तर रस्त्यावरून रॉडनीच धावत आला.

"आता हात लावू नका, सर. आत अंडी आहेत. पिल्लं उडून जाईपर्यंत घरटं हलवायचं नाही, कायदा आहे."

"मी केव्हा हलवू?"

"पिल्लं सांगतील, सर."

मास्तर हातोडी घेऊन आत आले. टेबलावर डबा खळखळत होता, आणि नेडीनबाई त्या आवाजात चर्चच्या बायकांसाठी ॲपल-पाय करत होत्या. "लॉवेल," त्या शांतपणे म्हणाल्या, "एक तर हा आवाज जाईल, नाही तर मी माझ्या बहिणीकडे जाईन." मास्तरांनी डब्याला जोडलेली खांबाची तार उपसून काढली, डबा तसाच, अँटेनाशिवाय, तळघरात नेला आणि पीचच्या बरण्यांमागे कोंबला. इतक्या रागात की बटण बंद करायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. वर येऊन ते खुर्चीत बसले. आपण हरलो, हे त्यांना कळत होतं. पण हरल्याचं त्यांना एवढं वाटत नव्हतं. यापुढे भोंगा वाजला की आपल्याला काहीच कळणार नाही, केंड्रा परतेपर्यंत नुसतं बसायचं, हे त्यांना सोसवत नव्हतं.

भोंगा त्याच दुपारी वाजला. केंड्राची गाडी गेली. पाठोपाठ एक बंब, मग दुसरा, मग शेजारच्या गावचाही, आणि दक्षिणेला काळा धूर उठला. ओलं गवत बांधून कोठारात रचलं की ते आतल्या आत तापतं आणि पेटतं. जूनमध्ये तिकडे दर वर्षी कुणाचं ना कुणाचं कोठार जातंच. नेडीनबाईंनी धुराकडे एकदा पाहिलं आणि मोठं पातेलं काढलं. कोठार कुणाचं ते ठाऊक नव्हतं, पण कुणाचंही असलं तरी संध्याकाळी त्या घरात चूल पेटणार नव्हती.

मास्तर फ्रीजसमोर उभे होते. वर काही नव्हतं, तरी त्यांची मान वर होती.

"लॉवेल," नेडीनबाई म्हणाल्या, "तिथं काही नाहीय."

"माहीत आहे."

"मग खाली जा. फ्रीझरमधून नूडल्सची पिशवी आण. हात तरी कामाला लागतील."

मास्तर खाली गेले. त्यांनी फ्रीझरचं झाकण उचललं, आणि पीचच्या बरण्यांमागून एक माणूस स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाला, "दुसरा पाइप पूर्वेच्या दाराशी घ्या. आत कुणी जायचं नाही."

मास्तर तसेच उभे राहिले. आवाज बंबप्रमुख आमस्टुट्झचा होता. खळखळ नाही, खरखर नाही, जणू आमस्टुट्झ बरण्यांमागे बसला होता. मास्तरांना बरण्या बाजूला करायचीही छाती होईना. हललो तर जाईल, श्वास घेतला तर जाईल, असं वाटत होतं. पिशवी येत नाही म्हणून नेडीनबाई जिन्यात आल्या.

"काय झालं तुला?"

"हलू नकोस. आहेस तिथंच थांब."

"छप्पर बसतंय," बरण्यांमागून आमस्टुट्झ म्हणाला. "सगळे बाहेर. हजेरी द्या."

आग वाढली की प्रमुख एकेकाचं नाव घेतो आणि ज्याने त्याने ओ द्यायची, अशी तिथली रीत. मास्तरांचा सारा जन्म हजेरी घेण्यात गेला होता. गैरहजर पोरांच्या नावापुढे त्यांनी शांतपणे फुल्या मारल्या होत्या. आता एकेक नाव पुकारलं जात होतं, एकेक आवाज हजर म्हणत होता, आणि मास्तरांनी फ्रीझरचं झाकण दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

"होस्टेटलर," आमस्टुट्झ म्हणाला.

कुणी बोललं नाही.

"होस्टेटलर. केंड्रा, कुठे आहेस?"

नेडीनबाई पायरीवरच खाली बसल्या. उघड्या फ्रीझरमधून गार वाफ वर येत होती आणि मास्तरांचा चष्मा धुरकटला होता. त्यांना वाटलं, पुन्हा खळखळ सुरू झाली असती तर बरं झालं असतं. निदान तिच्या बोलण्याचीच खळखळ झाली असं म्हणता आलं असतं. इतक्या स्वच्छ शांततेला काय म्हणणार? त्यांनी देवाला काही कबूल केलं का, हे ते कधी सांगणार नाहीत.

"होस्टेटलर," डबा म्हणाला, आणि हा आवाज बाईचा होता, धापा टाकणारा. "कोठाराच्या मागे आहे. वासरं सोडत होते, हात मोकळा नव्हता. बरी आहे. सगळी वासरंही बरी आहेत."

"पुढच्या वेळी वासरांना सांग, आधी हजेरी," आमस्टुट्झ म्हणाला. त्याचाही आवाज ठिकाणावर नव्हता.

मास्तर फ्रीझरवर बसले. झाकण लावायचं राहून गेलं होतं, त्यामुळे ते बरेचसे गोठलेल्या मक्यावर बसले, आणि त्यांनी उठायची घाई केली नाही. नेडीनबाई जवळ आल्या. दोघंही रडत होती, आणि दोघंही एकमेकांना सांगत होती की गार वाफेने डोळ्यांत पाणी येतं.

जरा वेळाने तळघराचं बाहेरचं दार वाजलं. मर्ल होता, अबोला विसरून आलेला. त्याचाही डबा कधीचा मुका. "लॉवेल, काही कळलं का रे पोरीचं?" असं म्हणत तो आत आला, आणि बरण्यांमागून आमस्टुट्झने शेजारच्या गावच्या बंबाचे आभार मानले. मर्लने बरण्यांकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, वर छताकडे पाहिलं. सगळ्या आयुष्याचं शहाणपण तळघरात येऊन पडलं होतं. "इथं? खाली?" एवढंच तो म्हणाला, आणि बातमी द्यायला निघून गेला.

अर्ध्या तासात गल्लीतली माणसं घडीच्या खुर्च्या काखोटीला मारून तळघरात उतरली. बंबावर प्रत्येकाचं कुणी ना कुणी होतंच. रॉडनी पेल आला, त्याचा भाऊ पाइपवर होता. आणि मास्तरांना आता सगळं लख्ख दिसत होतं, ते त्यांनी जमलेल्यांना सांगितलं. काउंटीच्या रेडिओचा एक मनोरा पूर्वेला, एक पश्चिमेला, दोन्ही एकच बोलणं एकाच वेळी आकाशात सोडतात. घर बरोबर मधोमध. डबा दोघांचंही ऐकतो, एकाचं किंचित उशिरा, म्हणून चूळ. रस्तेवाल्यांचं बोलणं एकाच मनोऱ्यावरून यायचं, म्हणून डेल स्वच्छ. अँटेना जितका उंच, तितके दोन्ही मनोरे ठळक, तितकी चूळ जास्त. तळघराची पश्चिमेची भिंत मात्र टेकडीत गाडलेली. मातीने एका मनोऱ्याचं तोंड बंद केलं, दुसरा एकटा राहिला, म्हणून शब्द कळतो.

"म्हणजे सर," रॉडनी मागून हळूच म्हणाला, "ते तुम्ही पाण्याच्या ट्रेमध्ये दाखवायचात तेच ना? दोन बोटं बुडवायची, आणि लाटा एकमेकींत घुसून कालवाकालव होते?"

मास्तरांनी हे दर वर्षी, प्रत्येक वर्गाला, न चुकता दाखवलं होतं.

"त्या प्रश्नातच मी गेलो होतो," रॉडनी म्हणाला.

"मीही," मास्तर म्हणाले, आणि सगळ्यांत आधी मर्ल हसला.

गाड्या बंबखान्यात परतल्याचं डब्याने सांगितलं, तशी माणसं खुर्च्या मिटून उठली. पण केंड्रा आगीवरून थेट आपल्या गाडीने येऊन जिन्यात उभी होती. तोंड काळंठिक्कर, केसांना गवत, अंगाला धुराचा वास. तिनं आपल्या तळघरात भरलेली गल्ली बघितली. "काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही, कुणी नाही," म्हणत लोक तिच्या खांद्यावर हात ठेवत एकेक करून वर गेले. नेडीनबाई मोठं पातेलं घेऊन ज्यांचं कोठार जळलं त्यांच्या घरी निघाल्या, जाताना छोटं पातेलं इस्त्रीच्या टेबलावर ठेवून गेल्या. केंड्रा उभ्यानेच खाऊ लागली. मास्तरांना मनोऱ्यांबद्दल सांगायचं होतं. मांडणी तयार होती, चित्रासकट. त्यांनी तोंड उघडलं.

"तू हजेरीला ओ दिली नाहीस," ते म्हणाले, "तेव्हा मला भीती वाटली. फार वाटली. प्रत्येक वेळी वाटते."

केंड्राचा चमचा थांबला.

"मला पण, डॅड," ती म्हणाली. "धुरात मला गोठ्याचं दार सापडेना. घरी येऊन कुणाला सांगावं, तर तू कधी विचारतच नाहीस."

मास्तरांनी बरण्यांमागे हात घालून डबा बंद केला, एक घडीची खुर्ची उघडून तिच्याजवळ ओढली आणि बसले.

"सांग आता," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

तिनं नूडल्सचा घास गिळला आणि सांगायला सुरुवात केली.